बीटल्सचे पुनर्मूल्यमापन आणि बिदागीचा हिशेब

१९७० साली विसर्जित झालेल्या वाद्यवृंदाला २०२५ च्या फेब्रुवारीत उत्कृष्ट रॉक सादरीकरणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळावे, ही घटना नवलाची खरीच. बीटल्सच्या चौघांपैकी जॉन लेनन यांची १९८० मध्ये हत्या झाली. जॉर्ज हॅरिसन २००१ मध्ये निवर्तले. लेनन यांनी सत्तरीच्या दशकात घरच्या घरी कॅसेटवर मुद्रित केलेल्या एका अपुऱ्या गाण्यातून त्यांचा आवाज संगणकाच्या साह्याने पियानोपासून अलग करण्यात आला, त्याला हॅरिसन यांच्या १९९५ मधील गिटारची जोड देण्यात आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचे अखेरचे गाणे म्हणून बाजारात आले. त्यापूर्वी २०२१ मध्ये पीटर जॅक्सन यांचा सुमारे आठ तासांचा ‘गेट बॅक’ हा अनुबोधपट आला, २०२२ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ही १९६६ ची ध्वनिमुद्रिका नव्या मिश्रणासह निघाली, आणि सॅम मेंडिस यांचे चौघांवरील चार चित्रपट एप्रिल २०२८ साठी जाहीर झाले.

साहजिकच रसिकांत पुनर्मूल्यमापनाचा वाद पुन्हा रंगला आहे. एकेकाळी ‘सार्जंट पेपर’ हे या वृंदाचे शिखर मानले जाई; आता ‘रिव्हॉल्व्हर’चे पारडे जड मानणारा पक्ष प्रबळ झाला आहे. लेनन बंडखोर आणि मॅकार्टनी गोडबोले, ही जुनी विभागणी ‘गेट बॅक’ने बरीचशी मोडीत काढली. हॅरिसन यांची किंमत वर्षागणिक वाढते आहे, आणि रिंगो स्टार यांच्या ढोलवादनाची थट्टा करणे आता शिष्टसंमत राहिलेले नाही. हा वाद मोठ्या गोडीचा आहे यात शंका नाही. परंतु तो चौघांभोवतीच फिरतो. ज्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे तो चालतो, त्यांत आणखी काही वादक होते. त्यांतील काहींची नावे मराठी कानाला अगदी ओळखीची आहेत.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात ‘बँड’ म्हटले की रॉक संगीत आठवत नाही. वरातीपुढे क्लॅरिनेट आणि ताशा वाजविणारी मंडळी आठवतात. ही मंडळी सुपारी घेतात, ठरलेली रक्कम घेतात, आणि वरात मांडवात पोहोचली की त्यांचा त्या लग्नाशी संबंध संपतो. वाजविलेल्या सुरांवर त्यांचा पुढे कसलाच हक्क उरत नाही. बीटल्स हा याहून अगदी निराळ्या जातीचा बँड, असे कोणासही वाटेल. वस्तुतः बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांत या दोन्ही जातींचे वादक शेजारी शेजारी बसलेले होते: एक मानधनाचा वाटा मिळणारे, दुसरे बिदागीवर आलेले.

एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ई.एम.आय. स्टुडिओत हॅरिसन यांच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्याला तबल्याची साथ अनिल भागवत यांनी केली. त्यांना बोलावणे आले ते एशियन म्यूझिक सर्कल या संस्थेच्या अयन देव अंगडी यांच्याकडून. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर भागवतांचे नाव छापले गेले. ही गोष्ट लहान दिसते, लहान नाही. कारण पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’मधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात याच संस्थेमार्फत आलेले दिलरुबा, तंबोरा व तबलावादक होते, आणि वेष्टनावर त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही नावे सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोहोचली ती पन्नास वर्षांनंतर, २०१७ च्या सुमारास, लिव्हरपूल विद्यापीठातील शोधकार्यामुळे. विसाव्या शतकातील सर्वांत चर्चिलेल्या ध्वनिमुद्रिकेतील वादक अर्धशतकभर निनावी राहतात, हे त्या चर्चेविषयीच काही सांगून जाते.

तिसरा प्रसंग प्रत्यक्ष मुंबईतला. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन मुंबईस आले. एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्यांनी आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र आदी वादकांसमवेत ध्वनिमुद्रण केले. ‘वंडरवॉल’च्या श्रेयनामावलीत एस. आर. केंकरे यांची बासरी आहे, आणि शरद व हनुमान जाधव यांची सनईही आहे. (इंग्रजी लेखनात ‘जाधव’चे ‘जदेव’ झाले आहे, मराठी आडनावांचे हे हाल नवे नाहीत.) याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. हॅरिसन यांनी लंडनला परतून त्यावर गायन केले, आणि मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूस प्रसिद्ध झाले. हॅरिसन यांचे गाणे बीटल्सच्या एकेरी तबकडीवर येण्याची ती पहिली वेळ; आणि त्या गाण्यातील बहुतेक सारे वादन मुंबईत बसलेल्या वादकांचे.

येथे कोणी कोणास फसविले, असा आरोप करण्याचे कारण नाही. बिदागी ठरली, वादन झाले, व्यवहार संपला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वादकाने अनिश्चित उत्पन्नाऐवजी निश्चित वेतन पत्करले. तबकडी विकली गेली नसती तर तोटा कंपनीचा झाला असता. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की वेतन की वाटा हा पर्याय त्या वादकांपुढे मांडलाच गेला नव्हता. दुसरी अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे वळण्यापूर्वी खुद्द चौघांचा हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल.

ई.एम.आय.शी झालेल्या सुरुवातीच्या करारात बीटल्सना एका तबकडीमागे एक पेनी मिळत असे, तीही वाटून. लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणारी नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी १९६५ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि १९६९ मध्ये ए.टी.व्ही.च्या ताब्यात गेली. १९८५ मध्ये मायकल जॅक्सन यांनी ए.टी.व्ही.चा संगीतसंग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला. १९९५ मध्ये तो सोनीच्या भागीदारीत गेला, आणि २०१६ मध्ये जॅक्सन यांच्या वारसांचा अर्धा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलरना घेतला. म्हणजे ज्यांच्या नावाने गाणी ओळखली जातात तेही त्यांचे पूर्ण धनी राहिले नाहीत. मात्र त्यांच्याकडे लेखकाचा हक्क होता, वकील होते, आणि अमेरिकन कायद्यातील ५६ वर्षांनी हक्क परत मागण्याची तरतूद होती. तिच्याच आधारे मॅकार्टनी २०१७ मध्ये न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी खाजगी तडजोड झाली. तबल्यापुढे बसलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच नव्हते.

आता ती दुसरी उणीव. १९६६ मध्ये झालेल्या सौद्यात ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ब्रिटनमध्ये ५० वर्षांची होती. कंपनीने त्या हिशेबाने जोखीम पत्करली होती. २०१३ मध्ये युरोपीय निर्देशानुसार ती मुदत ७० वर्षांवर गेली. ‘लव्ह मी डू’ हे १९६२ चे गाणे त्यापूर्वी मुक्त झाले होते. ‘रिव्हॉल्व्हर’ला आणखी २० वर्षे मिळाली. ही वाढ कोणत्याही करारात नव्हती. ती जोखमीचे फळ नसून कायद्याने दिलेले घबाड होते. म्हणूनच त्या कायद्यात एक कलम घालण्यात आले: एकरकमी मोबदल्यावर हक्क सोडून दिलेल्या साथीदार वादकांसाठी, एक्कावन्नाव्या वर्षापासून, कंपनीने संबंधित उत्पन्नाचा २० टक्के भाग दरवर्षी बाजूला काढावा. ही तरतूद फार उदार नाही, पण तत्त्व स्वच्छ आहे. जो नफा सौद्यात नव्हता, त्यात सौदा करणाऱ्या दुसऱ्या पक्षाचाही भाग असला पाहिजे.

भारतातही नेमकी अशीच वाढ झाली आहे, हे फारसे कोणी ध्यानी घेत नाही. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून १९९२ मध्ये कायदा बदलून ५० वर्षांची मुदत ६० करण्यात आली. त्या एका महाकवीच्या निमित्ताने ध्वनिमुद्रिका कंपन्यांनाही दहा वर्षे अनायासे मिळाली. साथीदारांसाठी निधी मात्र कोणी सुचविला नाही. सुचविणार तरी कसा? वादकाचा हक्क नावाची गोष्टच आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली. १९६८ मध्ये मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या सनईवाल्यास कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच नव्हते.

पुढे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क दिला, आणि व्यावसायिक वापरात कलावंतासही वाटा मान्य केला. कलावंताच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर गारुडीही आहे. परंतु त्याच दुरुस्तीने एक पाचर मारून ठेवली आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्यास कलावंत मानू नये; आपल्या कामाचे विकृतीकरण रोखण्यापुरताच त्याचा हक्क शिल्लक ठेवला आहे. म्हणजे नाव नाही तर पैसा नाही, आणि नाव द्यावयाचे की नाही हे ठरविणार पैसा देणाराच! वेष्टनावरील अनिल भागवत या दोन शब्दांचे मोल यावरून ध्यानी यावे. गायकांची हक्कसंस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, पुढे तिच्या नावात वादकही आले. पण नावाची वाट या पाचरीपाशीच अडते.

हा प्रश्न तीर्थपुरीस समजावून सांगावा लागणार नाही. गावात साखर कारखाना आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने ऊस पुरविणाऱ्या शेतकऱ्याचा वाटा उत्पन्नाच्या ७०:३० अशा प्रमाणात मान्य केला आहे. ऊस तोडणाऱ्याला मात्र टनामागे मजुरी, तीही मुकादमाच्या उचलीतून वळती होऊन. साखर पुढे कोणत्या भावाने विकली, मळीचे इथेनॉल झाले की काय झाले, याच्याशी कोयत्याचा संबंध नाही. तरीही ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्याने व तेवढेच शासनाने द्यावेत, इथवर राज्य आले आहे. टनावर आकारणी बसविता येते, तर एक्कावन्न ते साठ या दहा वर्षांच्या ध्वनिमुद्रण-उत्पन्नावर का बसू नये?

याला आता घाई आहे, आणि ती पुन्हा त्या अखेरच्या गाण्यामुळेच आहे. ज्या तंत्राने लेनन यांचा आवाज पियानोपासून सुटा झाला, त्याच तंत्राने जुन्या मुद्रणातील तबला, ढोलकी वा सनई सुटी काढता येते, आणि सुटी विकताही येते. आजवर साथीदाराचे वादन गाण्यात मुरलेले होते. ते स्वतंत्र माल नव्हता. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत दिवसाच्या पाळीवर लावणीची ढोलकी वाजविणाऱ्याच्या करारात या नव्या विक्रीचा उल्लेख नसतो. जालन्याच्या बँडवाल्याने वरातीत वाजविलेले आणि कोणीतरी मुद्रित केलेले सूर तर करारावाचूनच फिरत असतात.

भारतात ‘रिव्हॉल्व्हर’वरील ६० वर्षांचा हक्क २०२६ च्या डिसेंबरअखेर संपतो, ‘वंडरवॉल’ व ‘द इनर लाइट’वरील २०२८ च्या. मेंडिस यांचे चित्रपट ठरल्याप्रमाणे एप्रिल २०२८ मध्ये आले, तर मुंबईत मुद्रित झालेल्या त्या सनई-बासरीस कायदेशीर कमाईचे आठ-नऊ महिने मिळतील.