चौक कोणी लिहिला?

जून २०२५मध्ये प्रादाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी घाटाच्या वहाणा आणल्या आणि उगमाचे नाव मात्र ओरड झाल्यावरच घेतले, तेव्हा आम्ही सारे संतापलो. संताप रास्तच होता. पण दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर वारली नक्षीचे कुर्ते मिरवताना तो कुठे जातो? वारल्यांचा मुलूख काही मिलानइतका दूर नाही. डहाणू-तलासरी २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे लग्नघरी गेरूच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक ‘लिहितात’, त्यात पालघट देवी बसते. लिहिणे हा शब्द त्यांचाच. मग लेखिका कोण? एका उसन्या ओळीवरून वाङ्मयचौर्याचा गदारोळ करणारे आपण (मीही त्यातलाच) इथे सोयीस्करपणे ‘लोककला’ म्हणतो, म्हणजे बिनधन्याचा माल. भौगोलिक मानांकन आहे, हे खरे. परंतु ते नावाला जपते, आकृतीला नाही. ‘ट्रायबल प्रिंट’ अशी चिठ्ठी लावली की कारखानदार मोकळा. जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. चौक लिहिणाऱ्या बाईचे नाव मात्र कुर्त्याच्या लेबलावरही नसते आणि आपल्या प्रबंधातही.