पूर्णांकाचा आकार नावातच दिसू द्या

महासंगणकावरचा कोणताही मोठा प्रोग्राम एकट्याच्या बळावर चालत नाही. इतरांनी लिहिलेल्या अनेक लायब्रऱ्या त्याला लागतात. पूर्णांक किती बिटांचा, याबाबत या सर्वांचे एकमत हवे. 32 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 एवढीच संख्या मावते. पन्नास हजार ओळी आणि तेवढेच स्तंभ असलेल्या मॅट्रिक्समध्ये 250 कोटी घरे होतात आणि ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून फोर्ट्रान या भाषेतले असे प्रोग्राम पूर्णांक 64 बिटांचा करणारा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना, देऊन कंपाइल केले जातात. पण जोडलेली लायब्ररी अनेकदा 32 बिटांचीच राहते.

धोका इथेच आहे. फोर्ट्रानच्या जुन्या पद्धतीत लायब्ररीला संख्या नव्हे, तिचा मेमरीतला पत्ता मिळतो आणि प्रोग्राम व लायब्ररी जोडणारा लिंकर फक्त नावे जुळवतो. प्रोग्रामने 5, 7, 9 अशी यादी पाठवली, तर नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर 32 बिटांची लायब्ररी ती 5, 0, 7 अशी वाचते. सुटी, लहान संख्या मात्र बरोबर वाचली जाते, त्यामुळे छोटी चाचणी बिनबोभाट पार पडते. पुढे प्रोग्राम कोसळला तर निदान चूक कळते. चुकीचे उत्तर निमूटपणे आले तर कळतही नाही.

प्रोग्रामरनेच काळजी घ्यावी, असे कोणी म्हणेल. पण लायब्ररी बहुधा दुसऱ्याच कोणीतरी बसवलेली असते. तिचे फ्लॅग प्रोग्रामरला दिसत नाहीत. मग सगळेच 64 बिटांचे का करू नये? कारण विरळ, म्हणजे बहुतेक घरे शून्य असलेल्या, मॅट्रिक्सच्या अनुक्रमांकांना दुप्पट मेमरी लागेल आणि जुने प्रोग्राम मोडतील. प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागांमधल्या संदेशवहनाच्या एमपीआय 4.0 या 2021च्या मानकानेही जुनी फंक्शने तशीच ठेवून मोठ्या संख्यांसाठी वेगळी दिली. दोन्ही आकार यापुढेही सोबत नांदणार, तेव्हा फरक उघड दिसायला हवा. ज्युलिया भाषेतल्या 64 बिटांच्या ओपनब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीमध्ये फंक्शनच्या नावालाच 64 जोडलेले असते, त्यामुळे भलत्या आकाराशी चुकून गाठ पडत नाही. एमपीआयचे 2012चे फोर्ट्रान मॉड्यूल अशी विसंगती कंपाइल करतानाच पकडते.

उपाय तयार आहेत. ते ऐच्छिक राहिले, हीच उणीव आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक महासंगणक केंद्राने लायब्ररीच्या नावात पूर्णांकाचा आकार लिहिणे आणि बांधणीच्या वेळी तो तपासणे सक्तीचे करावे.