दगडाऐवजी आवाज

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' अशी एक म्हण मराठीत आहे. हीच म्हण तुम्ही उर्दूतही ऐकली असेल. जन्माचा स्वभाव बदलत नाही, असा तिचा अर्थ. शेपटीपुरती ती खरी असेल. पण कुत्र्याच्या वागण्याला ती लागू पडत नाही. कुत्रा शिकतो आणि लवकर शिकतो. प्रश्न एवढाच आहे, की आपण त्याला काय शिकवतो?

आपल्या गल्लीतला नेहमीचा प्रसंग आठवून पाहा. कुत्रा भुंकतो. एखादा मुलगा खाली वाकतो. त्याच्या हातात अजून दगड आलेलाही नसतो. तरी कुत्रा पळत सुटतो. वाकलेला माणूस म्हणजे दगड, हे त्याला कोणी शिकवले? आपणच! मात्र प्रत्येक कुत्रा पळून जात नाही. मार खाल्लेला एखादा कुत्रा माणूस जवळ येताच घाबरतो आणि घाबरून चावतो. म्हणजे दगड एकाने मारायचा आणि दात दुसऱ्याला लागायचे! पहाटे दूध आणायला निघालेल्या लहान मुलाचा यात काय दोष?

कुत्र्याची भीती खोटी नाही. कुत्र्याच्या चाव्यातून रेबीज हा भयंकर रोग होऊ शकतो. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून 'प्राण्यांवर प्रेम करा' एवढे सांगून भागणार नाही. माणूस सुरक्षित राहावा आणि मुक्या प्राण्यालाही इजा होऊ नये, असा उपाय हवा. श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र हा असा एक उपाय मानला जातो. तो कितपत चांगला आहे, याचा आपण विचार करू.

ध्वनी म्हणजे कंपन. एका सेकंदात जितकी कंपने होतात, तितके हर्ट्झ असे आपण म्हणतो. माणसाच्या कानाला साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. म्हणून आपल्याला जिथे शांतता वाटते, तिथे कुत्रा एकदम कान टवकारतो.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1876 साली अशी एक बारीक शिटी तयार केली. ती त्याने आपल्या पोकळ काठीच्या टोकाला बसवली. मुठीजवळ रबराची नळी होती. ती दाबली की शिटी वाजे. ही काठी घेऊन तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिरला आणि कोणता प्राणी कान हलवतो, हे पाहत राहिला. कुत्र्यांना बोलावण्यासाठी वापरतात ती 'मुकी' शिटी यातूनच पुढे आली. आज बाजारात मिळणारी यंत्रे विजेवर किंवा बॅटरीवर चालतात. बटण दाबले, की तीव्र श्राव्यातीत ध्वनी निघतो. कुत्र्याला तो आवडत नाही व तो मागे सरतो. त्याला जखम होत नाही.

काठी आणि दगडापेक्षा हे निश्चितच चांगले. पण मित्रांनो, यंत्र हातात आले म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो का? मला तसे वाटत नाही. बांधून ठेवलेल्या कुत्र्यावर कोणी सारखे बटण दाबू लागला, तर त्या बिचाऱ्याने जायचे कुठे? त्याचे अंग फुटत नाही; पण छळ हा छळच. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, म्हणून तर अधिक जपले पाहिजे. काठीचा मार पाहणाऱ्याला दिसतो. हा त्रास कोणालाच दिसत नाही.

शिवाय या यंत्राला मर्यादाही आहेत. श्राव्यातीत ध्वनी हवेत लवकर क्षीण होतो आणि भिंतीपलीकडे फारसा जात नाही. बहिऱ्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला तो ऐकू येत नाही. काही कुत्र्यांना त्याची सवय होते आणि मग ती दादच देत नाहीत. मांजरांना मात्र तो ऐकू येतो आणि त्यांचा काही अपराध नसताना त्रास होतो. म्हणून खिशात यंत्र आहे, या भरवशावर कोणी गुरगुरणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये.

कुत्र्याला शिकवायचे असेल, तर नुसता त्रासदायक आवाज पुरत नाही. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह याने दाखवून दिले, की ठरावीक आवाजानंतर रोज अन्न मिळाले, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आवाजामागून काय येते, हे कुत्रा लक्षात ठेवतो. शिटी वाजवा, तो जवळ आला, की भाकरीचा तुकडा द्या आणि पाठीवरून हात फिरवा. काही दिवसांत तो शिटीबरोबर धावत येईल. यंत्राचा आवाज वापरायचाच असेल, तर तो क्षणभर, फक्त लक्ष वेधण्यापुरता वापरावा. कुत्र्याने ऐकले, की आवाज थांबलाच पाहिजे आणि शाबासकी मिळालीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कुत्रा उगाच भुंकत नाही. तो भुकेला असतो, घाबरलेला असतो किंवा दिवसभर एकटा बांधलेला असतो. त्याचे तोंड बंद केले, म्हणून त्याचे दुःख संपते का? आधी कारण शोधावे, मग उपाय करावा.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न एकट्या यंत्राने सुटणार नाही. त्यांची नसबंदी करणे आणि त्यांना रेबीजची लस टोचणे, हे काम 2023 च्या नियमांनुसार नगरपालिका, ग्रामपंचायती यांसारख्या स्थानिक संस्थांचे आहे. उकिरडे साफ ठेवणे हे आपले काम आहे. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे धावू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. शांत उभे राहावे आणि हळूहळू मागे सरावे. कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखमेत चुना किंवा तिखट मुळीच भरू नये.

प्राण्यांना निर्दयपणे वागवणे हा आपल्या देशात 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. सजीवांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेने सांगितलेले आपले कर्तव्यही आहे. पण कायदा प्रत्येक गल्लीत उभा राहू शकत नाही. तिथे तुम्ही असता. तुमच्या गल्लीत आज एखादे पिल्लू खेळत असेल. माणूस वाकला की पळायचे, हे ते अजून शिकलेले नाही. ते त्याला शिकवू नका.