जाड टायर, जुनी बुलेट

नागपूरहून निघालेली दुचाकी जामच्या चौरस्त्यावर थांबतेच. इथून एक रस्ता हिंगणघाटवरून हैदराबादला जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. श्रावणातल्या एका सकाळी तिथे चहा घेत होतो, तेव्हा शेजारी एक जुनी बुलेट येऊन लागली. लोखंडी ब्लॉकची, उजव्या पायाला गिअर असलेली, टाकीवरच्या सोनेरी रेघाही शाबूत. मागे मात्र ४.०० - १९चा टायर चढवलेला. चेनच्या बाजूची त्याची कड तासल्यासारखी झाली होती आणि चेनकव्हरच्या आत रबराचा काळा भुगा साचला होता. मी बोट दाखवलं, तर पोरगा म्हणाला, "घासते थोडा, काका. पण गाडी कशी भरून दिसते पाहा न!"

गाडी भरून दिसत होती, हे खरंच. आपल्या गाडीवर जीव असणाऱ्याला ती देखणी दिसावी असं वाटणं यात गैर काही नाही. माझं भांडण आहे ते या हौसेला जोडल्या जाणाऱ्या तीन युक्तिवादांशी. गॅरेजमध्ये ते इतक्या ठामपणे सांगितले जातात की नवशिका ते शास्त्र समजून घरी घेऊन जातो.

पहिला युक्तिवाद पकडीचा: टायर जितका जाड, तितकी पकड जास्त. टायर जमिनीला किती टेकतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, वर किती भार आहे आणि आत किती हवा आहे. मागच्या चाकावर समजा १४० किलो भार आहे आणि हवा २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. मग जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने ७० चौरस सेंटिमीटर. टायर जाड घेतला आणि भार व हवा तीच ठेवली, तर हा आकडा फारसा हलत नाही. टेकणारा ठसा लांबट होता, तो आडवा होतो, एवढाच फरक. हा आडवा ठसा पाणी साचलेल्या रस्त्यावर उलट लवकर तरंगतो. जास्त ताकदीच्या गाड्यांना रुंद टायर लागतो, कारण त्यांच्या इंजिनाचा जोर आणि त्यातून होणारी उष्णता झेलायला तेवढं रबर हवं असतं. जुन्या साडेतीनशे सीसी बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती. तेवढ्यासाठी मूळचा ३.२५चा टायर कधीच अपुरा पडला नाही.

त्यातही तो जाड टायर मूळच्या रिमवर नीट बसतच नाही. जुन्या बुलेटची रिम १.८५ इंच रुंदीची. तिच्यावर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगून गोलाकार होतो. सरळ चालताना मग मधली पट्टीच तेवढी जमिनीला लागते. म्हणजे रबर विकत घेतलं जास्त आणि वापरात आलं कमी. वळणावर दबलेल्या बाजू डोलतात, ते वेगळंच.

दुसरा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: कंपनीच आता जाड टायर देते, मग आम्ही का नको? इथे मोजपट्टी काढायला हवी. जुन्या बुलेटच्या ३.२५ - १९ टायरचा व्यास साधारण ६४८ मिलिमीटर भरतो. २०२१च्या क्लासिक ३५०ला मागे १२०/८० - १८ टायर येतो, त्याचा व्यास साधारण ६४९. एका मिलिमीटरचा फरक! कंपनीने टायर रुंद केला, तेव्हा रिम १९वरून १८ इंचावर आणली आणि टायरची उंची कमी करून चाकाचा घेर होता तेवढाच राखला. त्या रुंदीला साजेशी रिम दिली, स्विंगआर्म दिला, चेनची जागा दिली. आपण १९ इंची रिम तशीच ठेवून ४.००चा टायर चढवतो, तेव्हा व्यास ६८६पर्यंत जातो, जवळपास सहा टक्क्यांनी मोठा. प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. मागे माणूस आणि सामान घेऊन चढावर गेलं की इंजिन धापा टाकतं आणि क्लच झिजतो. मेन स्टँडवर लावलेल्या गाडीचं मागचं चाक जमिनीपासून सुटं राहील, याचीही खात्री उरत नाही. आरएक्स १००वाल्यांचं तर आणखी अवघड. मागचा २.७५ - १८ काढून १००/९० - १८ बसवला, तर व्यास ४० मिलिमीटरने वाढतो आणि ओढायला इंजिन १०० सीसीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मूळ मापाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या बाजूच्या लोकांनीही सोडून द्यावी. मागचा टायर बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, असं बजावलं जातं. जुन्या बुलेटची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून निघते, त्यामुळे मागच्या टायरचा त्याच्याशी संबंध नाही. चुकीचा मुद्दा पुढे केला की बरोबर मुद्देही कोणी ऐकत नाही.

तिसऱ्या युक्तिवादातली तक्रार मात्र खरी आहे: मूळ मापाचा टायर गावच्या दुकानात हजर नसतो. पण तो अजून बनतो आणि मागवला तर येतो. जाड टायर जागेवर मिळाला म्हणून तोच बसवला, मग चेनला घासू नये म्हणून चाक तारांवर एका अंगाला ओढून घेतलं, असं मी पाहिलं आहे. अशा गाडीची पुढची आणि मागची चाकं एका रेषेत राहत नाहीत. हात सैल सोडले की ती एका बाजूला जाते आणि मालक दोष देतो हँडलच्या बेअरिंगला.

मूळ माप राखा, असं मी म्हणतो त्यामागे या मुलखाची मातीही आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात काळी माती चाकाला कशी गुंडाळली जाते, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. अरुंद टायर चिखल कापत खाली घट्ट जमिनीपर्यंत जातो. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जागा असेल, तर गोळा झालेली माती गळून पडते. जाड टायरने ती जागा खाल्ली की चाक जाम होतं.

थोडी जाडी हवीच असेल, तर ३.५० - १९ घ्या. तो त्या रिमवर बसतो, व्यास १२ मिलिमीटरच वाढतो. तरी चेन आणि मडगार्डपासूनचं अंतर मोजूनच बसवा, आणि ट्यूब त्याच मापाची घाला. लहान ट्यूब ताणून पातळ होते. याहून जाड हवा असेल, तर कंपनीने केलं तसं सगळं करा: १८ची रुंद रिम, नव्या तारा, दोन्ही चाकं एका रेषेत. टायर घेताना बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. दुकानात कित्येक वर्षं पडून कडक झालेला जाड टायर ताज्या बारीक टायरच्या जवळपासही पोहोचत नाही.

मूळ मापाचा आणखी एक गुण आहे. जुन्या बुलेटला पुढे-मागे एकच माप, ३.२५ - १९. त्याच सकाळी जाम सोडून वरोऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच अंतरावर माझ्याही जुन्या बुलेटचं पुढचं चाक बसलं. पेटीत ट्यूब होती, मागच्या चाकासाठी म्हणून घेतलेली. तीच पुढे घातली आणि दुपारच्या जेवणाला चंद्रपुरात होतो.