दानातला संगणक आणि शिळा तुकडा

बोईसरजवळच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दोन वर्षांपूर्वी पाच संगणक आले. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने दिले. बॅनर लागला, हार घातले, फोटो निघाले, भाषण झालं. पाहुणे गेल्यावर आम्ही बटणं दाबली, तर पाचपैकी एकच नीट सुरू झाला. तोही पासवर्ड मागत होता आणि तो कुणालाच माहीत नव्हता.

पुढे वर्षभर ते पाचही चादरीखाली झाकून पडले. वस्तीत दोन मतं होती. विहार समितीतले एक काका म्हणायचे, "फुकट मिळालंय ताई, दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत." तरुण पोरं म्हणायची, "ताई, टेम्पोत घाला आणि त्यांच्या गेटवर नेऊन टाका." मला दोन्ही पटलं नाही. का, ते सांगते.

काकांना उत्तर बाबासाहेबांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद म्हटली की आपल्याला चवदार तळं आठवतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि गावाने टाकलेले शिळे तुकडे सोडायला सांगितलं होतं, हे आपण विसरतो. आता विचार करा. तुकडा नाकारायचा तो शिळा आहे म्हणून का? स्वतःच्या घरातली कालची भाकर आपण सगळेच खातो. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून, पडेल ते, पडेल तेव्हा, तोंड न उघडता घ्यावं लागतं, त्यात अपमान आहे. तेव्हा जुना संगणक घेण्यात कमीपणा नाही. त्याबद्दल प्रश्न विचारायची सोय नसणं, हा कमीपणा आहे.

आणि प्रश्न विचारायला आपल्याकडे कायदा आहे. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप-लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलं आहे. म्हणजे तेवढ्या काळात कंपनीच्या हिशेबवहीत त्याची किंमत जवळपास संपते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या प्रमाणावर अशी उपकरणं वापरणाऱ्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा, असं हे नियम सांगतात. मग बंद पडलेला संगणक विहारात आणून ठेवणं याला दान म्हणायचं की स्वतःचा कचरा आमच्या दारात रिकामा करणं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचं नाव आहे. धूर आमच्या वाट्याला, सांडपाणी आमच्या वाट्याला, आता भंगारही आमच्याच वाट्याला?

मग पोरांचं ऐकून ते परत का केले नाहीत? कारण गेटवर टाकून राग निघाला असता, पण वस्तीला संगणक मिळाला नसता. आणि ते यंत्र उघडायला आपण घाबरतो, ही गोष्ट तशीच राहिली असती.

आमच्या वस्तीतल्या, आयटीआयला जाणाऱ्या एका मुलीने गेल्या वर्षी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. "बिघडलं तर?" कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "बिघडलेलंच आहे, आणखी काय बिघडणार?" वायर काढून तिने पहिला डबा उघडला. त्यात पंखा फिरायचा, बीप-बीप व्हायचं, पण स्क्रीन काळी. तिने रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, परत बसवली. स्क्रीन उजळली. दुसऱ्याची तारीख दर वेळी मागे जायची आणि तो तिथेच अडायचा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदलला, काही रुपयांत काम झालं. तिसऱ्याची हार्ड डिस्क गेलेली, चौथ्याचा एसएमपीएस जळालेला. चौथ्याची डिस्क तिसऱ्यात घातली, त्याची रॅमही कामी आली. पासवर्डवाल्यासह सगळ्यांत लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. तिला लायसन्सचे पैसे लागत नाहीत आणि मराठी टायपिंगही होतं. पाचांतून चार उभे राहिले. आता महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म पोरं विहारातच भरतात.

समाजशास्त्राच्या पुस्तकात मी जातीची व्याख्या पाठ केली होती. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. संगणकाच्या जगातही तेच चालतं. भंगार वेचणारे, वायर जाळून तांबं काढणारे हात एका बाजूला आणि यंत्राचं ज्ञान दुसऱ्या बाजूला. आपल्या पोरांना कीबोर्ड बडवायला शिकवून ही विभागणी मोडत नाही. यंत्र आतून कळलं, तर मोडायला सुरुवात होते.

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांतून धडधाकट संगणकही बाहेर निघणार आणि 'दान' म्हणून आपल्याकडे येणार. घ्या, पण अटी घालून घ्या. प्रत्येक संगणक आपल्यासमोर सुरू करून दाखवा. जुना डेटा आणि पासवर्ड काढून द्या. रॅम, डिस्क, खरेदीचं साल यांची लेखी यादी द्या. वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च द्या. आणि बॅनर-फोटो महिनाभर संगणक चालल्यावर.

दोन गोष्टी आपल्यासाठीही. चालू झालेला संगणक विहाराच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका, मुलींच्या हाती द्या. आणि चार जुने संगणक आले म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक मागायचं थांबवू नका. दान आलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

काका आता रोज संध्याकाळी विहारात येऊन बसतात. परवा त्या मुलीला म्हणाले, "पोरी, तो पाचवा पण बघ ना."

जय भीम!