तळेगाव ते काठी

ह्युंदाई मोटर 1967 साली कोरियात जन्मली. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली 1998 च्या सँट्रोमुळे. उंच छपराच्या त्या गाडीत आजी-आजोबांना वाकून बसावं लागत नसे. मालकांची ही आठवण आम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची वाटते. 2023 मध्ये कंपनीने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. 2020 अखेर तिथलं उत्पादन थांबलं तेव्हा कामगारांच्या पोटावर पाय आला, हे आम्ही विसरलेलो नाही. कंपन्यांचा हा इतिहास ठीक; सातपुड्यातल्या काठी गावाला राजवाडी होळीसाठी निघालेला गाडीवाला मात्र विचारतो: घाटात तळ घासेल का? बिघडली तर सुटा भाग कुठे मिळेल? या अंकाची पहिली पानं त्याच्या प्रश्नांना दिली आहेत.