सुपरमॅन कोणाचा?

मुलांनो, गोष्टीच्या पुस्तकाचं पहिलं पान उलटलं, की मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'सर्व हक्क स्वाधीन'. आपण ते सोडून थेट गोष्टीवर उडी मारतो! पण हे हक्क कोणाच्या स्वाधीन? 'लेखकाच्या, दुसऱ्या कोणाच्या?' असं म्हणाल. तर ऐका.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शूस्टर एकाच शाळेत शिकत. जेरी गोष्टी लिहायचा, जो चित्रं काढायचा. दोघांनी मिळून सुपरमॅन तयार केला. कित्येक वर्षं तो कोणी छापेना. शेवटी १९३८ साली एका कंपनीने तेरा पानांचे १३० डॉलर दिले आणि कागदावर सह्या घेतल्या : सुपरमॅनचे सगळे हक्क कायमचे कंपनीचे. दोघं तेव्हा जेमतेम तेविशीतले. छापून येतंय यातच खूश!

मग मासिकं, रेडिओ, खेळणी, सिनेमे... पैशांचा नुसता पाऊस. नक्कल करणाऱ्याला कायदा अडवायचा, पण पैसा जायचा कंपनीकडे. दोघं १९४७ मध्ये कोर्टात गेले. सुपरमॅन परत मिळाला नाही, उलट त्यांची नावंही चित्रकथेवरून गेली. पुढे जोची नजर अधू झाली, जेरी हलाखीत. १९७५ मध्ये जेरीने वर्तमानपत्रांकडे गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा कंपनीने दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर देऊ केले, नावंही परत छापली. हे कोर्टाने करवलं नाही बरं का, लोक काय म्हणतील या धाकाने झालं!

आणि गंमत बघा. ते १३० डॉलर ज्या चेकने दिले, तो नुसता चेक २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला.

कायदाच नसता तर? मग कोणीही फुकट छापलं असतं, १३० डॉलरही मिळाले नसते. म्हणजे कायदा हवाच. पण तो राखण करतो मालकाची, आणि मालक कोण ते सही ठरवते. आपल्याकडे २०१२ साली यावर एक चांगला उपाय झाला. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर, समजा रेडिओवर वाजलं, तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा. निर्मात्याने लिहून मागितला तरी तो सोडता येत नाही. छापील चित्रकथांना मात्र ही सोय नाही. माझ्या मते ती हवी होती.

तो पहिला सुपरमॅन अमेरिकेत २०३४ च्या १ जानेवारीला सर्वांसाठी खुला होईल. जो १९९२ मध्ये वारला, जेरी १९९६ मध्ये.